डिमेन्शियाचं औषध लागू पडतंय का, हे घरच्या वहीतून कसं ओळखावं

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मोजकीच मिनिटं मिळतात. "आता कसं आहे आईंचं?" मुलगा म्हणतो, "जरा बरं वाटतंय." शेजारी बसलेली सून म्हणते, "कुठे बरं? काल परत गॅस चालू राहिला." दोघंही खरंच बोलत असतात. मुलगा आईला संध्याकाळी दोन तास पाहतो, सून दिवसभर. एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, आणि बरेचदा चिठ्ठीवर आणखी एक गोळी वाढते.

इंदुरात उपचारांना तोटा नाही. एम. वाय. हॉस्पिटल आहे, खासगी न्यूरॉलॉजिस्ट आणि मनोविकारतज्ज्ञ आहेत, लिहून दिलेली गोळी दवा बाजारात बहुधा त्याच दिवशी मिळते. अडतं ते पुढे. दिलेल्या चार गोष्टींपैकी कोणती लागू पडली, कोणती नुसती पोट बिघडवते आहे आणि कोणत्या गोष्टीवर उगाच पैसे चाललेत, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी एक दोनशेपानी वही, एक वजनकाटा आणि एक नियम लागतो: एका वेळी एकच बदल.

एक गोष्ट आधीच पचवून घ्यावी. स्मृतिभ्रंशावरची आजची औषधं गेलेली आठवण परत आणत नाहीत. घसरण थोडी मंद होते, काही जणांत काही महिने थांबल्यासारखी वाटते, बस्स. म्हणजे सहा महिन्यांनी "आहे तसंच आहे" हे उत्तर आलं तर ते यश समजायचं. पण सहा महिन्यांपूर्वी नेमकं कसं होतं, हे लिहून ठेवलेलं नसेल तर ते यश दिसतच नाही.

औषधाआधी: कुठला डिमेन्शिया, आणि खरंच डिमेन्शियाच का

"डिमेन्शिया आहे" एवढ्यावर फाइल बंद करू नका. कोणत्या प्रकारचा आणि कशावरून, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उपचारांची सगळी तुलना त्या एका शब्दावर उभी असते. अल्झायमर असेल तर पुढे सांगितलेल्या चारही गोळ्यांचा विचार होतो. लुई बॉडी (ज्यात नसलेली माणसं दिसतात आणि हालचाल मंदावते) किंवा पार्किन्सनसोबतचा असेल तर त्यांतल्या डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिनचा परिणाम कधी कधी अल्झायमरपेक्षाही ठळक दिसतो. पण ह्याच पेशंटला चिडचिडीसाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो लाकडासारखा कडक होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. छोट्या-छोट्या पक्षाघातांमुळे आलेला असेल तर खरा उपचार ब्लड प्रेशर, शुगर आणि रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांत आहे. स्मरणशक्तीच्या गोळ्यांचा वाटा तिथे लहान. आणि फ्रंटोटेम्पोरल असेल, म्हणजे आठवणीआधी स्वभाव आणि वागणं बदललं असेल, तर ह्या गोळ्या देऊ नयेत असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डोनेपेझिलने अशा पेशंटची बेचैनी वाढू शकते.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, बी-12, सोडियम, क्रिएटिनीन, शुगर आणि हिमोग्लोबिन झालेलं हवं, आणि मेंदूचा एकदा तरी सीटी किंवा एमआरआय. बी-12 कडे आपल्याकडे खास लक्ष द्यावं: जन्मभर शाकाहार, त्यावर दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, असं त्रिकूट घरोघरी असतं, आणि तिन्ही गोष्टी बी-12 खालीच ओढतात. दीड-दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरून डोक्याला लागलं असेल, अगदी टेंगूळसुद्धा आलं नसेल, तरी डॉक्टरांना सांगा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त हुबेहूब डिमेन्शियासारखं दिसतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवरचा ताबा सुटणं, ह्या दोन्ही गोष्टी विसरण्याच्या बरोबरीने आल्या असतील तर मेंदूतल्या पाण्याबद्दल विचारा. त्यावर शस्त्रक्रिया होते.

मग औषधांची पिशवी टेबलावर पालथी करा. सगळ्या पट्ट्या, सिरप, शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्यासुद्धा. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, खाजेची हायड्रॉक्सिझिन, हात थरथरतात म्हणून चालू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन: ही सगळी औषधं मेंदूतल्या असिटिलकोलिनचं, म्हणजे आठवणीला लागणाऱ्या एका रसायनाचं, काम अडवतात. डोनेपेझिल नेमकं तेच रसायन वाढवायला देतात. एका हाताने पाणी भरायचं आणि दुसऱ्या हाताने बादलीला भोक पाडायचं, तसं होतं. नेहमीची चूक अशी: डोनेपेझिल सुरू झालं, लघवी वारंवार होऊ लागली, दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं, गोंधळ वाढला, आणि मग "आजार पुढे गेला" म्हणून पहिल्या गोळीचा डोस वाढला. अशी साखळी तोडली की काही पेशंट नव्या गोळीविनाच सुधारतात. मात्र यांतली कुठलीही गोळी घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. यादी घेऊन जा.

कान आणि डोळे हाही उपचारच समजा. ऐकूच न आलेलं आठवणार कसं? कानातला मळ काढणं आणि मोतीबिंदूची तारीख पुढे न ढकलणं, ही ह्या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त पावलं.

वही

कुठलंही औषध सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतं लिहायचं. घाई असतेच, पण हा आजार वर्षांच्या हिशेबाने चालतो. दोन आठवड्यांनी काही बुडत नाही.

पाच कामं निवडा. आजवर जी पेशंट स्वतः करत होता आणि आता अर्धीमुर्धी जमतात, अशीच. जे पूर्ण जमतं किंवा अजिबात जमत नाही त्यात फरक दिसणार नाही. आजींसाठी चहा करणं, देवपूजेचा क्रम, कपड्यांच्या घड्या घालून ज्याचे त्याला लावणं, फोनवर मुलीचं नाव शोधून लावणं, जेवणाआधी ताटं मांडणं. आजोबांसाठी दाढी, पेपरमधली एक बातमी वाचून दहा मिनिटांनी सांगणं, कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणून उरलेले पैसे बरोबर परत देणं. प्रत्येक कामाला गुण: आपण होऊन केलं तर 3, एकदा आठवण करून दिल्यावर केलं तर 2, पावलापावलाला सांगावं लागलं तर 1, नाही जमलं तर 0. पाच कामांचे 15.

गुण देताना काम नीट उकलून पाहा. चहाचंच घ्या. पाणी मोजणं, साखर, पत्ती, दूध, उतू जायच्या आत गॅस कमी करणं, गाळणं, गॅस बंद करणं, अशा सात पायऱ्या. साखर दोनदा पडली तर ती ताज्या आठवणीची चूक आहे: घातलेली लक्षात राहिली नाही. पत्ती कुठे आहे हे रोजच्या डब्यासमोर उभं राहून कळत नसेल तर तो वस्तू ओळखण्याचा घोळ, किंवा नजरेचा. सगळं बरोबर झालं पण गॅस तसाच राहिला, तर काम शेवटपर्यंत नेण्याची क्षमता घटते आहे. गुणाशेजारी एवढे चार शब्द लिहा: "साखर दोनदा", "गॅस राहिला". डॉक्टरांना आकड्यापेक्षा ह्या चार शब्दांतून जास्त कळतं.

आठवड्यातून दोनच दिवस, बुधवार आणि रविवार म्हणा, आणि गुण देणारी व्यक्ती एकच. आज मुलाने, परवा सुनेने दिले की तुलना संपली. वेळही तीच ठेवा. सकाळच्या दहाचा माणूस आणि संध्याकाळी सातचा माणूस ह्या आजारात दोन वेगळी माणसं असतात. एक-दोन गुणांचा चढउतार सोडून द्या, महिन्याची सरासरी पाहा. ह्याच पानावर खाली झोप, भूक, संडास, पडणं आणि मनगटावरची नाडी. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन.

एखाद्या आठवड्यात दोन दिवसांत माणूस एकदम ढासळला, दिवसा पेंगतोय, रात्री भिंतीशी बोलतोय, तर तो आठवडा गुणांत धरायचा नाही. तो डिमेन्शिया नव्हे, त्यावर बसलेलं दुसरं काहीतरी असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, चार दिवसांचा मलावरोध, मे महिन्यात कमी गेलेलं पाणी, घसरलेलं सोडियम किंवा नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्मरणशक्तीचं औषध "काम करेनासं झालं" असा निष्कर्ष ह्या आठवड्यावरून कधीही काढू नये.

दवाखान्यातल्या चाचणीचाही मान राखावा, पण तिची मेख ठाऊक असू द्या. 30 गुणांची एमएमएसई बहुतेक ठिकाणी वापरतात. ढोबळमानाने 21 ते 26 सौम्य, 10 ते 20 मध्यम, त्याखाली तीव्र. इंदुरात ती हिंदीतून होते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आयुष्यभर हिंदी बोललेल्या आजी मनातल्या मनात हिशेब मात्र मराठीत करतात. "सौ में से सात घटाइए" म्हटल्यावर त्या आधी भाषांतर करतात आणि मग वजाबाकी, तोवर आधीचा आकडा निसटतो. तपासणाऱ्याला विनंती करा की आकडे मराठीत मोजू द्या, आणि पुढच्या वेळीही तीच भाषा ठेवा. एकदा हिंदी, एकदा मराठी, तर दोन गुणांची "सुधारणा" नुसती भाषेची निघेल. शिक्षण किती, हेही आधी सांगा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंचे 22 आणि निवृत्त प्राध्यापकांचे 22 सारखे नसतात. उत्तरं शब्दशः टिपून घ्या. "कौनसा प्रदेश है?" ह्यावर 1942 साली जन्मलेले आजोबा "मध्य भारत" म्हणाले तर गुण जाईल, पण उत्तर हवेतलं नाही: जन्मले तेव्हा होळकरांचं संस्थान, शाळेत गेले तेव्हा मध्य भारत, मध्य प्रदेश झाला 1 नोव्हेंबर 1956 ला. सहा महिन्यांनी तेच आजोबा नुसते हसून विषय बदलू लागले, तर गुण तेवढेच राहतील, आणि तरी माणूस खाली आलेला असेल.

चार औषधं, एका पानावर

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही एकाच जातीची औषधं. तिन्हींचा परिणाम साधारण सारखाच, फरक आहे तो सोसण्याचा. यांतली दोन कधीही एकत्र घ्यायची नाहीत. न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर एक आणि मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या नावाने तेच, असं होतं. म्हणून पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वहीत उतरवा.

परिणाम केवढा? डोनेपेझिलच्या अभ्यासांत 70 गुणांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत सहा महिन्यांनी गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यातला सरासरी फरक 2.7 च्या आसपास आला. घरच्यांना जाणवावा असा फरक तीन-चार गुणांपासून सुरू होतो, असं मानतात. सरासरीच्या पोटात दोन्ही टोकं असतात: कुणाला स्पष्ट फायदा, कुणाला काहीच नाही. तुमचा माणूस कुठल्या टोकाला आहे हे कुठलाही स्कॅन आधी सांगत नाही. म्हणून वही.

डोनेपेझिल रोज एकदा, 5 मिलिग्रॅमने सुरू होतं, चार ते सहा आठवड्यांनी 10. प्रथा रात्रीची आहे, पण भयाण स्वप्नं पडू लागली किंवा झोप उडाली तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्या. बहुधा तेवढ्याने भागतं. मळमळ, जुलाब, भूक मरणं हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणि डोस वाढल्यावर परत होतं, नंतर बरेचदा निवळतं. वजन मात्र गुपचूप उतरतं. साठ किलोच्या माणसाचं तीन किलो गेलं तर थांबून विचारायचं. खरा धोका नाडीचा. हे औषध हृदयाचे ठोके मंद करतं, आणि ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम चालू असेल तर आणखीच. सुरू करण्याआधी ईसीजी काढून घ्या. नाडी पन्नासच्या खाली गेली किंवा उभ्या-उभ्या घेरी येऊन पडले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. दमा, जुना अल्सर, गुडघ्यासाठी रोजची वेदनाशामक गोळी, हेही आधीच सांगायचं.

गॅलँटामिनची दिवसभर चालणारी कॅप्सूल सकाळी नाश्त्यासोबत 8 मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी 16, सोसलं तर 24. रिकाम्या पोटी दिलं की उलटी ठरलेली.

रिव्हास्टिग्मिनची कॅप्सूल 1.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत, आणि हळूहळू वाढवत 6 पर्यंत. पोटाला तिघांत हीच जास्त बोचते, म्हणून चिकटपट्टी निघाली: 4.6 मिलिग्रॅमची चार आठवडे, मग 9.5 ची. पट्टीने मळमळ बरीच कमी होते, पण ती लावण्यात इतक्या चुका होतात की इथे जरा थांबायला हवं.

आधी जुनी काढायची, मगच नवी लावायची. हे इतकं उघड आहे की कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात गंभीर अपघात ह्यातूनच होतात: अंगावर दोन-तीन पट्ट्या राहून औषधाचा अतिरेक झाला आणि माणूस दगावला, असं घडलेलं आहे. जागा म्हणजे पाठीचा वरचा किंवा खालचा भाग, दंड किंवा छाती. विसरभोळ्या माणसाला पाठ बरी, हात पोचत नाही आणि ओरबाडून काढता येत नाही. त्वचा कोरडी, केस नसलेली, जखम नसलेली. अंघोळीनंतर तेल चोळायची सवय असेल तर त्या जागेवर तेल, पावडर, क्रीम काही नको. नाहीतर पट्टी दुपारपर्यंत गळून गादीला चिकटलेली सापडते. तळव्याने अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा, कडा विशेष. त्याच जागी पुन्हा चौदा दिवस लावायची नाही. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात "डावी वर", "उजवी खाली" असं लिहिलं की वाद मिटतो. पट्टी कात्रीने अर्धी करायची नाही. शेकाची पिशवी त्यावर ठेवायची नाही आणि मे महिन्याच्या उन्हात उघड्या पाठीने बसवायचं नाही, उष्णतेने औषध भराभर शिरतं. मध्येच पडली तर नवी लावा, पण बदलायची वेळ पूर्वीचीच ठेवा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घालून दुमडा, नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी टाका आणि हात धुवा. त्या बोटांनी डोळा चोळला तर बाहुली आकसते. आणि तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर 9.5 वरून पुढे चालू करायचं नाही, परत 4.6 पासून. लग्नाला पुण्याला गेलो आणि पट्ट्या इंदुरात राहिल्या, ही सबब नेहमीची, आणि परत आल्यावर एकदम मोठी पट्टी लावल्यावरची उलटीही.

मेमॅन्टिन वेगळ्या जातीचं. मध्यम आणि तीव्र अल्झायमरसाठी. सौम्य अवस्थेत त्याचा उपयोग दिसलेला नाही, तरी चिठ्ठ्यांवर ते दिसतं. 5 मिलिग्रॅमने सुरू, दर आठवड्याला 5 ने वाढवत चौथ्या आठवड्यात 20. पोटाला सौम्य, नाडीला त्रास नाही, पण चक्कर, डोकेदुखी, मलावरोध आणि काहींना गोंधळ. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनीन पाहून डोस. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर 20 च्या जागी 10. खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर ते मेमॅन्टिनसोबत नको.

डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन दोन्ही एका गोळीत मिळतात. सोयीची गोष्ट, पण पहिल्याच दिवसापासून नको. जुलाब झाले तर कोणामुळे, फायदा झाला तर कोणाचा? आधी एक, तीन महिने. मग लागलं तर दुसरं. दोन्ही रुजल्यावर एकत्र गोळी. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या पेशंटना डोनेपेझिल चालू ठेवण्याचा फायदा मिळाला, पण त्यावर मेमॅन्टिन जोडल्याने ठळक वेगळा फायदा दिसला नाही. दोन गोळ्या म्हणजे दुप्पट परिणाम, हा हिशेब चुकीचा.

गटातला कार्यक्रम, जो चिठ्ठीवर येत नाही

औषधाशी बरोबरी करणारा एकच बिनगोळीचा उपचार आहे आणि तो इथे फारसा कुणी सुचवत नाही: कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, म्हणजे गटात बसून गप्पा, गाणी आणि खेळांतून मेंदूला चालना देणं. सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या पाच ते आठ जणांचा गट, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पाऊण तास, सात आठवडे, म्हणजे 14 बैठका. 2003 साली 201 जणांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत ह्याचा फायदा गोळ्यांच्या तोडीचा आला. चेन्नईत ह्याचं तमिळ रूपही झालं. त्यानंतर हेच घरी, एकट्या पेशंटसोबत, आठवड्यातून तीनदा करून पाहिलं. नातं सुधारलं, सांभाळणाऱ्याला बरं वाटलं, पण स्मरणशक्तीत फरक पडला नाही. गटाची गंमत गटातच आहे. त्यामुळे घरी बसून आईकडून कोडी सोडवून घेण्यापेक्षा रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांत ओळखीतली चार-पाच घरं जोडून कुणाच्या तरी हॉलमध्ये जमवणं जास्त कामाचं.

बैठकीचा साचा ठरलेला. सुरुवातीची दहा मिनिटं रोज तीच: गटाला सगळ्यांनी मिळून दिलेलं नाव, तेच एक गाणं किंवा आरती, फळ्यावर तिथी-वार आणि आजचं हवामान. मधली पंचवीस मिनिटं एक विषय, शेवटची दहा चहा आणि पुढच्या वेळेचा निरोप. विषय हाताळता येतील असे हवेत. पैशाचा दिवस असेल तर जुनी नाणी ठेवा. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली, ऐंशी ओलांडलेल्यांच्या बोटांना चवली-पावली अजून ओळखीची. आवाजाचा दिवस, खाण्याचा दिवस (भुट्ट्याचा कीस की साबुदाण्याची खिचडी, ह्यावर पाऊण तास सहज जातो), राजवाड्यासमोरच्या रंगपंचमीच्या गेरचे (रंगांच्या मिरवणुकीचे) जुने फोटो, भेंड्या.

बिघडतं ते एका प्रश्नाने: "आठवतंय का?" हा प्रश्न म्हणजे परीक्षा. नाही आठवलं की माणूस मिटतो, पुढच्या बैठकीला यायला नकार देतो. त्याऐवजी मत विचारा: "ह्यातला कुठला गणपती जास्त देखणा?" मत चुकत नाही, आणि मत देताना आठवणी आपोआप ओढल्या जातात. दुसरी चूक म्हणजे तीव्र अवस्थेतल्या एकाला सौम्य अवस्थेतल्या सहांत बसवणं. दोन्ही बाजू वैतागतात. गटाची सुरुवात आणि नव्या गोळीची सुरुवात एकाच महिन्यात करू नका, कारण वही गोंधळते.

चालणं, सूर्यनमस्कार, योग जरूर. झोप, संडास, तोल सुधारतो. पण 2018 च्या ब्रिटिश चाचणीत 494 डिमेन्शिया पेशंटना जोरदार व्यायाम देऊनही स्मरणशक्तीची घसरण मंदावली नाही. संगीताने मन हलकं होतं. तेवढंही पुष्कळ, फक्त ते स्मरणशक्तीच्या खात्यात जमा करू नका.

बाकीचं, थोडक्यात

लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ह्या नव्या सलाइनच्या औषधांबद्दल घरोघरी व्हिडिओ फिरतात. ती फक्त अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, आणि मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचल्याचा पेट स्कॅन किंवा पाठीच्या पाण्याचा पुरावा लागतो. लेकॅनेमॅबच्या 1,795 जणांच्या चाचणीत 18 गुणांच्या मोजपट्टीवर दीड वर्षाने फरक आला 0.45 चा, बातम्यांत आलेली "27 टक्के मंदावलेली घसरण" म्हणजे हेच. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी सलाइन, वरचेवर एमआरआय, आणि आठांपैकी एकाच्या मेंदूत सूज दिसली, बहुतेकांत लक्षणांविना. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका जास्त. मध्यम अवस्थेतल्या माणसासाठी दिल्ली-मुंबईच्या फेऱ्या मारू नका.

गिंको ह्या झाडाच्या पानांचा अर्क 3,069 वृद्धांच्या चाचणीत अनेक वर्षं देऊन पाहिला, डिमेन्शिया टळला नाही. अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची भीती मात्र आहे. सिटिकोलिन आणि पिरासिटाम भरपूर लिहिली जातात, पण डिमेन्शियातला त्यांचा पुरावा कच्चा आहे. खर्च काटायचा असेल तर डॉक्टरांशी बोलायला ही पहिली जागा. ब्राह्मी घरात असतेच. डिमेन्शिया झालेल्यांत तिचा भरवशाचा पुरावा नाही, आणि डोनेपेझिलसोबत जुलाब झाले की दोष कुणाचा हे कळत नाही. निदान पहिले तीन महिने बाजूला ठेवा.

तीन महिने, सहा महिने, आणि थांबवणं

पूर्ण डोस सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी एकच प्रश्न: सोसतंय का? वजन, नाडी, पोट, पडणं. सोसत नसेल तर त्याच जातीतलं दुसरं, किंवा पट्टी, किंवा मेमॅन्टिन. सहा महिन्यांनी दुसरा: वहीतली सरासरी कुठे आहे? सुरुवातीला 9 होती आणि आता 9 किंवा 8, तर चालू ठेवा. 9 वरून 4 वर आली आणि मधे आजारपणाचा आठवडा नव्हता, तर ह्या गोळीचा तुमच्या घरात उपयोग दिसत नाही, हे डॉक्टरांना वही दाखवून सांगा. शेजारच्या रकान्यात महिन्याचा खर्च लिहिलेला असू द्या. जनऔषधीतल्या जेनेरिकचा भावही विचारा, रेणू तोच असतो.

केवळ आजार पुढे गेला म्हणून गोळी बंद करू नये. वर सांगितलेल्या 2012 च्या अभ्यासात मध्यम-तीव्र अवस्थेत बंद केलेल्यांची घसरण जास्त झाली. पण माणूस अंथरुणाला खिळला, गिळणं अवघड झालं, वजन उतरतंय, तर थांबवण्याचा विचार रास्त आहे. एकदम नाही. डोनेपेझिल 10 वरून 5, चार आठवडे, मग बंद, आणि ह्या काळात दुसरा कुठलाही बदल नाही. आठवड्यातून दोनदाचे गुण चालू ठेवा, कामं आता लहान घ्या: घास हाताने तोंडाशी नेणं, नावाला प्रतिसाद, कुशीवर वळताना मदत. बंद केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत हे स्पष्ट खाली गेलं तर डॉक्टरांना कळवून परत सुरू करता येतं, पण 10 ने नाही, 5 पासून, आणि उशीर न करता. खंड जितका लांबेल तितकी गेलेली पायरी परत मिळणं कठीण.